फारखत, शेजारच्या अर्थाने

ऑफिसचं काम घरी न्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं काही वाकडं होण्यासारखं नव्हतं.

काम काय, ते आधी सांगतो. आमच्या प्रकाशनसंस्थेचा एक परिभाषाकोश आहे. कायदा आणि व्यापार या दोन विषयांतले जुने-नवे शब्द आणि त्यांच्या व्याख्या. मी त्याचा सहायक संपादक. (म्हणजे संपादक जे करत नाहीत ते सगळं करणारा.) पूर्वी आमची खोली माणसांनी भरलेली असायची. 'ताबा' आणि 'कब्जा' यांतल्या फरकावरून जेवणाच्या सुट्टीत भांडणं व्हायची, माणसं दोन-दोन दिवस अबोला धरायची. मग एकेक जण निवृत्त होत गेला. माणसं गेली आणि टेबलं राहिली. अलीकडे तर शिपाईही माझ्या खोलीत डोकवायचा तो दिवा चालू राहिलाय का, एवढंच बघायला. एकदा मी आत असताना त्याने दिवा घालवला. त्याचा तरी काय दोष?

इकडे घरीही तीच शांतता. बायको दुसऱ्या शहरात, मुलीकडे. नात झाली म्हणून ती गेली ती 'महिनाभर जाऊन येते' असं सांगून. पुढे नातीचं पोट बिघडलं, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग नातीला दात यायला लागले. कोर्टातल्यासारखी पुढची तारीख पडत गेली. रोज फोन यायचा, नाही असं नाही.

"जमतंय ना हो?"

"मजेत."

"गॅस बंद केलात?"

"केला."

"बरं, ही उठली, ठेवते."

आमचं दांपत्यजीवन एवढ्या पाच ओळींत मावायला लागलं होतं. 'ये' असं मी एकदाही म्हटलं नाही. तिथे तिची गरज होती आणि इथे फक्त मी होतो.

तेव्हा दोन्हीकडे गप्पच बसायचं, तर बसमध्ये उभं राहून ऑफिसपर्यंत जाऊन कशाला गप्प बसा? म्हणून काम घरी आणलं. घरात फ्रिज तरी बोलतो. तो मधूनच घुरघुरतो, मग एक उसासा टाकून बंद होतो. मला त्याचा स्वभाव कळायला लागला होता. दारावरची बेल मात्र इतके दिवस वाजली नव्हती की ती बिघडली असावी अशी मला शंका आली. म्हणून एकदा बाहेर जाऊन मी स्वतःच ती वाजवून पाहिली. चालू होती. (आत येऊन 'कोण आहे?' असं विचारण्याचा मोह मी टाळला.)

आमच्या घरात मोबाइलला रेंज मिळते ती गॅलरीच्या कोपऱ्यात. आणि आमचे संपादकसाहेब कानाने कमी. ते कानाचं यंत्र लावत नाहीत, कारण तसं केलं तर आपल्याला ऐकू येत नाही हे सिद्ध होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कोशाची सगळी चर्चा मी गॅलरीत उभं राहून, घसा ताणून करायचो. गॅलरीला मधे एक आडोशाची भिंत आहे. तिच्या पलीकडे शेजारच्या सिस्टरताईंची गॅलरी. ताई निवृत्त नर्स. दिसत त्या नाहीत, पण कपडे झटकल्याचा आवाज येतो.

त्या दिवशी प्रश्न होता 'फारखत' या शब्दाचा. जुन्या कागदपत्रांत फारखत म्हणजे हक्क सोडल्याचा, व्यवहार पूर्ण झाल्याचा लेख. भागीदार वेगळे झाले, आता एकमेकांशी संबंध नाही, असं लिहून द्यायचं ती फारखत. हल्ली याला मुक्तिपत्र म्हणतात. संपादकांना जुना शब्द नव्या आवृत्तीतून काढायचा होता. मला तो ठेवायचा होता. आता माझी बाजू जशी भिंतीपलीकडे गेली तशी सांगतो.

"फारखत, साहेब, फारखत! नाही, माझं ठरलंय! फारखत यंदा द्यायचीच!"

(कोशात. शब्द 'द्यायचा' म्हणजे छापायचा.)

"एकदा फारखत झाली की संबंध संपला! तिचा कशावरही हक्क राहत नाही!"

(ती म्हणजे कंपनी. मराठीत कंपनी स्त्रीलिंगी आहे, याला माझा नाइलाज आहे.)

"हो, जुनी फार जाड झालीय! हातात धरवत नाही! नवी कशी सुटसुटीत हवी, तरुण मंडळींनी वळून बघावं अशी!"

(आवृत्ती.)

आणि शेवटी साहेबांनी शिष्टाचार म्हणून विचारलं, घरी सगळं ठीक? त्यावर मी ओरडलो, "घरी कोण आहे! ती गेली मुलीकडे! आता माझं मला!"

भिंतीपलीकडे बादली पडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी बेल वाजली. मला वाटलं फ्रिजमधून आली. दार उघडलं तर सिस्टरताई, हातात झाकलेलं भांडं.

"भाऊ, काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "आधी हे सूप प्या. मला सगळं कळलंय."

त्या सरळ आत येऊन बायकोच्या खुर्चीवर बसल्या. एक माणूस त्या खुर्चीवर बसलेलं बघून मला काय वाटलं ते मी कोणत्याही कोशात नोंदवू शकणार नाही. मी सूप प्यायला बसलो.

"ठरलं म्हणायचं तर?" ताईंनी विचारलं.

मला वाटलं, फोनवरचं बोलणं कानावर गेलं असेल. कोशाबद्दल कुणी आपण होऊन विचारावं, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

"माझ्याकडून ठरलं," मी म्हणालो. "वरून मंजुरी यायची आहे."

"वरून म्हणजे कोर्टातून?"

"छे, कोर्ट कशाला? तिथे आमचा शब्द मागाहून जातो."

"इतक्या वर्षांनी पण!" ताईंचा आवाज जड झाला. "काही जीव गुंतलेला असतो की नाही, भाऊ?"

"असतो ना. माझं सगळं तारुण्य तिच्यात गेलं." (आवृत्तीत.) "पण खरं सांगू? शिवण उसवली आहे. पानं गळतात. कुणी उघडून बघत नाही."

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "असं नका हो बोलू तिच्याबद्दल."

मला भरून आलं. परिभाषाकोशासाठी रडणारी व्यक्ती मी प्रथमच पाहत होतो. मी आणखी एक वाटी सूप घेतलं.

दुसऱ्या दिवशी बेल पुन्हा वाजली. आता आमचे चेअरमन. बिल्डिंगचे चेअरमन ते फावल्या वेळात. एरवी तळमजल्यावर त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि जगातला कुठलाही प्रश्न ते गिअर, क्लच आणि ब्रेक यांतच मांडतात. काखेत पत्त्यांचा जोड होता.

"काय राव, एकटेच बसता. चला, एक डाव टाकू."

आम्ही खेळायला बसलो. पानं वाटता वाटता ते म्हणाले, "हे बघा, मी मधे पडणार नाही. पण रिव्हर्स घेता येतो का, ते एकदा बघा."

"आता कसला रिव्हर्स? छपाईच्या तारखा ठरल्यात."

"छपाई?" ते हबकले. "पेपरात देणार?"

"पेपरात जाहिरात येईलच की. लोकांना कळायला नको?"

त्यांनी पत्ते खाली ठेवले. पुढे झुकून ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनींच्या पोटगीचं काय ठरवलंत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फारखत आणि फारकत! एका अक्षराचा फरक. आणि तो फरक आडोशाच्या भिंतीत अडकून राहिला होता. ताईंचं सूप, ताईंचा पदर, 'जीव गुंतलेला असतो' हे सगळं एकदम उलगडलं. मी सांगायला तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात बेल वाजली.

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. इतकी वर्षं ते जिन्यात माझ्या दातांना नमस्कार करून पुढे जायचे. आज ते आत आले, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आम्ही आहोत." त्यांच्या मागोमाग त्यांची पत्नी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी गरम घेऊन आली. चारजणांसाठी कप काढायला मी स्वयंपाकघरात गेलो. कप मागच्या बाजूला गेले होते, त्यांच्यावर धूळ बसली होती. मी ते धूत उभा राहिलो. बाहेरून माणसांचा आवाज येत होता. चेअरमन कशाला तरी हसले, डॉक्टरांनी त्यांना 'शू' केलं. फ्रिज घुरघुरत असेलही, पण तो ऐकू आला नाही.

मी ठरवलं, उद्या सांगू.

कायद्यात 'मूकसंमती' नावाचा एक शब्द आहे. जे बोलायला हवं होतं ते वेळेवर न बोलता गप्प बसणं, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ इतरांनी होकार असा घेणं. ही व्याख्या मीच लिहिलेली आहे. ती किती अचूक आहे, हे पुढच्या दिवसांत मला समजलं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. फक्त योग्य ठिकाणी उसासा टाकत गेलो. (फ्रिजकडून शिकलो होतो.) घर मी नीटनेटकं ठेवत असे, ते थोडं विस्कटून ठेवायला लागलो, कारण बायको सोडून गेलेल्या माणसाच्या टॉवेलची घडी इतकी व्यवस्थित नसते. संध्याकाळ झाली की माणसं जमायची. पत्ते, चहा, गप्पा. मी जुन्या शब्दांच्या गमती सांगायचो आणि लोक ऐकायचे! जुन्या दस्तऐवजांत 'अज्ञान' म्हणजे वयात न आलेली व्यक्ती, असं मी सांगितलं तेव्हा डॉक्टर इतके हसले की त्यांचाच एक दात हलला. दुःखी माणसाच्या विनोदाला लोक जास्त हसतात, हेही मला तेव्हाच कळलं.

फक्त एकदा पंचाईत झाली. डॉक्टरांच्या पत्नीने हळूच विचारलं, "त्यांचा स्वभाव फार कडक होता का हो?"

मला म्हणायचं होतं, की छे, काय बोलता! माझ्या लिहिलेल्या प्रत्येक व्याख्येचा पहिला मसुदा तिने ऐकलेला आहे. भाजी निवडत, डोळे मिटत, पण ऐकलेला आहे. मला म्हणायचं होतं, की 'सद्भावना' या शब्दाची व्याख्या चार ओळींची होती, ती तिने एका ओळीची करून दिली. पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, चहा कपांत वाफाळत होता, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

"कळलं," डॉक्टरांची पत्नी म्हणाली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. फोन आला तेव्हा 'मजेत' हा शब्द तोंडातून फुटेना.

"आवाज का असा?" बायकोने विचारलं.

"पत्ते खेळताना ओरडलो."

"तुम्ही? पत्ते?"

"गॅस बंद केलाय," असं म्हणून मीच फोन ठेवला.

मग आला रविवार. दुपारी मंडळी जमली ती जरा गंभीर होऊन. चेअरमननी घसा साफ केला. "राव, आम्ही विचार केला. एकट्याने गाडी ओढण्यात अर्थ नाही. माझी एक मेहुणी आहे, शाळेत शिकवते, स्वभावाने गरीब."

"अहो, काहीतरीच काय!" मी ओरडलो. "हे बघा, मला तुम्हा सगळ्यांना काही सांगायचंय—"

"थांबा, थांबा," सिस्टरताई म्हणाल्या. "मेहुणी-बिहुणी काही नको. मी काल वहिनींना फोन केलाय."

मी कप खाली ठेवला.

"बाई माणसाने बाई माणसाशी बोललेलं बरं. मी सगळं सांगितलं. फारकत देणार म्हणतात, तुम्हाला जाड म्हणाले, हातात धरवत नाही म्हणाले, नवी तरुण हवी म्हणाले."

"आणि... ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. जेवण कसं चाललंय, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माझ्या हातचं सूप दोन-दोन वाट्या पितात. तर म्हणाल्या, 'किती वाट्या?' पुन्हा सांगितलं तर फोनच ठेवला."

बेल वाजली. कुणी उठायच्या आत कुलपात किल्ली फिरली. दारात बायको. एका हातात बॅग, खांद्यावर नातीचं दुपटं राहून गेलेलं. खोलीत इतकी शांतता झाली की फ्रिजने आपणहून उसासा टाकला.

तिने सगळ्यांकडे पाहिलं. सिस्टरताई तिच्या खुर्चीवरून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

"संपादकांशी बोलत होतात ना गॅलरीतून?" बायकोने मला विचारलं.

मी मान हलवली.

"ख का क?"

"ख," मी म्हणालो.

"मला वाटलंच." ती मंडळींकडे वळली. "यांच्या डिक्शनरीतला शब्द आहे. भागीदारीतला. जाड आहे ती डिक्शनरी. मी नाही." मग ती म्हणाली, "तशी मीही आहे म्हणा. पण त्याबद्दल फोनवर बोलायची यांची छाती नाही."

पुढची काही मिनिटं मी वर्णन करत नाही. चेअरमन जाताना पत्ते घ्यायला विसरले. डॉक्टरांनी माझ्या दातांनाही नमस्कार केला नाही. सिस्टरताई तेवढ्या दारात थांबल्या. "म्हणजे तुम्ही एवढे दिवस नुसते..." असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी त्यांना धुतलेलं भांडं परत दिलं. ते घेताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जप्ती परवडली.

दार बंद झालं. बायको तिच्या खुर्चीत टेकली.

"तुला राग आला?" मी विचारलं.

"कशाचा?"

"मी गप्प बसलो त्याचा. त्यांना वाटत राहिलं, की तू... आणि मी काही बोललो नाही. माणसं येत होती गं."

तिने दुपट्याची घडी घातली. मग म्हणाली, "फारकतीचं ऐकून मी आले नाही. ते ऐकून मला हसूच आलं. पण तुम्ही सूप पिता, आणि तेही दोन वाट्या, हे ऐकलं आणि मी बॅग भरली. लग्न झाल्यापासून तुमच्या घशाखाली सूपचा घोट उतरलेला नाही. आजारपणातसुद्धा मी हात जोडायची. तो माणूस कुणीतरी शेजारी बसावं म्हणून दोन वाट्या पितो, आणि मला रोज सांगतो 'मजेत'. ये म्हणाला असतात तर आले नसते का मी?"

"तिथे तुझी गरज होती."

"हे कुणी ठरवलं? तुमच्या कोशाने?"

इतके शब्द गोळा करून ठेवले आहेत, पण लागेल तेव्हा त्यातला एक हाताशी नसतो. मी तिच्यासाठी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मी गॅस बंद करतो का ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने माझी बॅग भरायला काढली. "काम घरूनच करता ना? मग मुलीच्या घरून करा. कागद घ्या बरोबर."

काय सांगू, त्या क्षणी मला पंख फुटले! या वयात, माझ्यावाचून चालत नाही म्हणून मला न्यायला कुणीतरी प्रवास करून आलं होतं. मुलीकडे पोचलो तर मुलगीही दारातच म्हणाली, "बाबा, बरं झालं आलात, तुमचीच वाट बघत होतो." जावईसुद्धा पुढे आला आणि त्याने माझी कागदांची पिशवी अदबीने हातात घेतली. कोशाबद्दल एवढा आदर मी कुठेच पाहिला नव्हता.

दुपारी जेवणं झाल्यावर बायकोने नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. ही पोरगी दिवसा डोळा मिटत नाही, रडून घर डोक्यावर घेते, पाळणा, खुळखुळे, गाणी सगळं करून ही माणसं थकली होती, हे मला तेव्हा समजलं.

"वाचा," बायको म्हणाली.

"काय वाचू?"

"तुमच्या व्याख्या. कुठल्याही."

मी 'स्थावर मालमत्ता' काढली. "स्थावर मालमत्ता म्हणजे जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, आणि जमिनीशी संलग्न असलेल्या, किंवा जमिनीशी संलग्न असलेल्या वस्तूशी कायमच्या जखडलेल्या..." 'जखडलेल्या'पर्यंत पोचेतो नात गाढ झोपली होती. तिचं डोकं माझ्या दंडावर जड झालं.

"सांगितलं नव्हतं मी?" बायको मुलीला कुजबुजली. "इतकी वर्षं भाजी निवडताना मला उगाच नाही डुलक्या यायच्या."

मी व्याख्या पुरी केली. कुणीतरी मांडीवर होतं, थांबवत नव्हतं. वाचून झाल्यावर जावयाचं मत घ्यावं म्हणून मी सोफ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि तो घोरत होता. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, उद्यापासून जरा हळू वाचाल? यांना दुपारी घरूनच ऑफिसची मीटिंग असते."